एकवीस नंबरची खोली

सकाळचे आठ चाळीस. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात, ज्याला इथं सगळे नुसतं ‘सिव्हिल’ म्हणतात, ओपीडी नुकतीच सुरू झालीय. रात्रभर पाऊस होता. पोर्चमध्ये चिखलाचे ठसे एकमेकांवर चढताहेत, भिंतीला टेकवलेल्या छत्र्या निथळताहेत आणि केसपेपरच्या खिडक्यांपुढच्या रांगा दारापर्यंत आल्यात. मी वजनकाट्याशेजारी उभी आहे. हातात पॅड, पॅडला तळमजल्याचा नकाशा, कानामागे पेन्सिल.

दोन नंबरच्या खिडकीवरून एक म्हातारे गृहस्थ आणि त्यांची सून बाहेर वळतात. म्हाताऱ्यांचा उजवा हात गळ्यातल्या पट्टीत आहे. सुनेच्या एका हातात जुन्या फिल्मची पिशवी, दुसऱ्या हाताने सासऱ्यांचा दंड धरलेला, म्हणून केसपेपर तिने दातांत धरलाय. मागून खिडकीतला आवाज येतो, “एक्स-रे ना? एकवीस नंबर. सरळ जा.”

मी नकाशावर खिडकीपाशी एक टिंब देते, घड्याळ बघते आणि पंधरा पावलांचं अंतर ठेवून त्यांच्यामागे निघते.

हे माझं काम आहे. मी आर्किटेक्चर शिकवते, आणि इमारतीत शिरलेला नवखा माणूस वाट कशी काढतो ते कागदावर उतरवते. नाव विचारायचं नाही, आजार विचारायचा नाही, फोटो घ्यायचा नाही. अधीक्षकांचं परवानगीपत्र पिशवीत आहे, सर्वेक्षण चालू असल्याची सूचना दारावर लावलीय. कागदावर उरते ती फक्त एक रेघ. माणूस थांबला की रेघेवर टिंब. मान वळवून इकडंतिकडं पाहिलं की छोटा गोल. कुणाला विचारलं की फुली. तपासणीच्या खोलीचं दार आलं की रेघ संपते. दाराच्या आत मी जात नाही.

पॅसेज लांबच लांब आहे. दोन्ही बाजूंना बाकं, बाकांवर माणसं, माणसांच्या पायाशी जेवणाचे डबे. टोकाला उंच खिडकी, आणि तिच्यातून पावसाळी पांढरा उजेड थेट फरशीवर उतरलाय. सून त्या उजेडाकडे बघत चालतेय. मीही तिकडेच बघतेय. या पॅसेजमध्ये पाय टाकला की दुसरीकडे बघावंसं वाटतच नाही.

थोडं पुढं गेलं की उजव्या हाताला एक बोळ फुटतो. रुंदी जेमतेम दीड मीटर. त्याच्या तोंडाशी एक लोखंडी कपाट पॅसेजमध्ये पुढं आलंय आणि कपाटाला टेकून तीन मोडक्या व्हीलचेअर घडी करून ठेवल्यात. बोळाच्या वर, भिंतीला सपाट चिकटवलेली निळी पाटी: ‘क्ष-किरण विभाग, कक्ष क्र. २१’. खाली बाण. पाटी ठळक आहे, अक्षरं मोठी आहेत, बाणही बरोबर आहे. पण ती वाचायची तर कपाटासमोर उभं राहून, भिंतीकडे तोंड करून मान वर करावी लागते. पॅसेजमधून चालत येणाऱ्याला ती दिसते कशी? कडेवरून. निळ्या रंगाची एक पट्टी, बास. आणि पिशवीत ‘एक्स-रे’ घेऊन निघालेल्या माणसाच्या मनात ‘क्ष-किरण’ हा शब्द नसतोच.

दोघं बोळासमोरून जातात. सुनेची मान हलत नाही. गोल काढायला काही कारणच नाही. माझी रेघ सरळ पुढं जाते.

मराठीत सरळमार्गी माणसाला आपण ‘नाकासमोर चालणारा’ म्हणतो. वाट शोधणाऱ्या माणसाच्या बाबतीत हे अगदी शब्दशः खरं आहे. रूथ कॉनरॉय डाल्टन या ब्रिटिश अभ्यासक बाईंनी २००३ मध्ये हेच मांडलं: फाट्यावर आल्यावर माणूस शक्यतो चालती दिशा मोडत नाही, ज्यात वळण कमीत कमी पडेल ती वाट धरतो. खिडकीतल्या क्लार्कने ‘सरळ जा’ म्हटलं आणि इमारतीनेही तेच म्हटलं. मग सून दुसरं काय करणार?

पॅसेज संपतो. उंच खिडकी, खिडकीशेजारी कुलूप लावलेलं दार, दारावर ‘भांडार’. सून थांबते. केसपेपर दातांतून काढून उलटसुलट बघते. टिंब. गोल. आणखी एक गोल. बाकावर डोक्याला पट्टी बांधलेला एक माणूस बसलाय, त्याला ती विचारते. फुली. तो बिचारा स्वतःच पेशंट. “वर असंल बघा,” म्हणतो, कारण शेजारीच जिना आहे.

जिना दिसला की माणूस चढतो. आबा, सून त्यांना आबा म्हणतेय, एका हाताने कठडा धरून, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत वर जातात. मी मागे. वरचा मजला खालच्यासारखाच असणार, असं त्या दोघांनी मनात धरलंय. आपण सगळेच धरतो. जर्मनीत क्रिस्टोफ होल्शर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्युन्ने गावच्या एका बहुमजली परिषद-केंद्रात माणसांना वेगवेगळी ठिकाणं शोधायला लावली होती. तिथं खालचा मजला आणि वरचे मजले एकसारखे नाहीत. अभ्यास २००६ मध्ये छापून आला. माणसं खालच्या मजल्याची आठवण वर वापरायला जायची आणि तिथंच फसायची. इथंही वरचा पॅसेज खालच्याच्या निम्माच आहे. पुढं स्त्री-वॉर्डचं सरकतं लोखंडी दार, दारापाशी रखवालदार. “इथं कुठं आला एक्स-रे? खाली जा खाली.”

आबा तिथंच पायरीवर बसतात. श्वास लागलाय. सून पिशवीतून पाण्याची बाटली काढते, झाकण दातांनी उघडते. मी दोन पायऱ्या वर, कठड्याला टेकून उभी आहे. सांगून टाकावं असं इतकं वाटतं की पेन्सिल बोटांत फिरायला लागते. सर्वेक्षणाचा नियम सांगतो की मध्ये पडायचं नाही, रेघ खोटी होते. माझा स्वतःचा त्याला एक पोटनियम आहे: ज्याला त्रास होतोय त्याची रेघ खोटी झाली तरी चालेल. मी पुढं होते, पण तेवढ्यात सूनच उठते, “चला आबा, खाली त्या मावशी बसल्यात ना, त्यांना विचारू.” मी परत मागे सरकते.

त्या मावशींविषयी सांगायला हवं. बोळाच्या अलीकडे, पाण्याच्या कूलरपाशी, त्या प्लास्टिकच्या स्टुलावर बसतात. काम सफाईचं. हातात फडकं, पायाशी बादली. पण सकाळपासून मी पाहतेय, फडक्यापेक्षा त्यांचा हात वाट दाखवायलाच जास्त उठतो. आणि त्यांची वाट सांगायची रीत ऐकण्यासारखी आहे. त्या खोलीचा नंबर उच्चारतच नाहीत. “हे कपाट दिसतंय का? त्याच्या मागनं आत शिरा. पिंपळाचा चौक लागंल. पिंपळाला उजव्या अंगाला ठेवून चाला. गणपतीचा फोटो आला की उतार. उतार संपला की मोठी काच. तिथं आत.” कपाट, पिंपळ, गणपती, उतार, काच. पाच खुणा, आणि प्रत्येक खुणेवरून पुढची खूण दिसते. केव्हिन लिंच यांनी १९६० मध्ये अमेरिकेतल्या शहरांतल्या लोकांना विचारून विचारून, माणूस शहराचं चित्र डोक्यात कसं बांधतो त्यावर पुस्तक लिहिलं, त्यात अशा खुणांना मोठी जागा आहे. मावशी हे काम रोज करतात.

आबा आणि सून कपाटामागून आत शिरतात. बोळ, मग चौकाभोवतीचा व्हरांडा, पिंपळ, गणपती, उतार. उतार संपतो तिथं जुनी दगडी इमारत संपते आणि नवी सुरू होते. नवी बांधताना तिची जमीन जुनीपेक्षा खाली ठेवली गेली, म्हणून हा उतार. काचेचं दार, लॉबी, बसायची जागा, आणि मग २१. सून केसपेपर आत देते. मी घड्याळ बघते. खिडकीपासून इथवरची वाट मी स्वतः आबांच्या चालीने चालून पाहिलीय, पाच मिनिटं लागतात. त्यांना एकोणीस लागली.

नकाशावरची रेघ बघते. सुताचा गुंता पडावा तशी दिसतेय.

चौकात पिंपळाच्या पारावर माझी विद्यार्थिनी लॅपटॉप उघडून बसलीय. पावसाने उघडीप दिलीय, पानांवरून अधूनमधून थेंब पडतात आणि ती ओढणीने की-बोर्ड पुसते. पडद्यावर याच इमारतीचा नकाशा आहे, पण रंगीत: लांब पॅसेज लालभडक, पोर्च नारिंगी, चौकाचा व्हरांडा हिरवट, आणि उताराच्या पलीकडची सगळी बाजू गर्द निळी. दोघी-तिघी पेशंट बायका मागून वाकून बघताहेत. एक विचारते, “हे काय गं, पावसाचं हाय का?” हवामानाच्या बातम्यांत असाच नकाशा दाखवतात ना.

विद्यार्थिनी त्यांना समजावते. मी ऐकत राहते, कारण ती वर्गातल्यापेक्षा इथं छान सांगतेय. “काकू, समजा सगळ्या फरशीवर मी सारख्या अंतराने टिंबं काढली. आता प्रत्येक टिंबावर उभं राहून बघायचं, कुठली कुठली टिंबं दिसतात. काही टिंबांवरून खूप दिसतात, काहींवरून चारच. मग मोजायचं, या टिंबावरून बाकी सगळीकडे पोचायला किती वेळा वळावं लागतं. जिथून कमी वळावं लागतं ती जागा लाल. जिथून जास्त, ती निळी.”

“म्हंजी निळ्यात गेलं की चुकलं,” काकू म्हणते.

चुकलंच असं नाही. पण निळ्याकडे पाय आपोआप वळत नाहीत, तिथं कुणीतरी न्यावं लागतं. एवढं कळलं तर स्पेस सिंटॅक्सचा बराचसा भाग कळला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात बिल हिलियर आणि ज्युलियन हॅन्सन यांनी हा विचार उभा केला. त्यांचं ‘द सोशल लॉजिक ऑफ स्पेस’ १९८४ मध्ये आलं. सरळ मीटर मोजण्यापेक्षा त्यांनी जागा एकमेकींना कशा जोडल्यात ते मोजलं: कुठून कुठं जायला मध्ये किती जागा ओलांडाव्या लागतात, कुठली जागा सगळ्यांच्या वाटेत येते, कुठली कुणाच्याच येत नाही. टिंबांची ही युक्ती पुढची, अॅलस्डेअर टर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांची, २००१ मधली. विद्यार्थिनीच्या लॅपटॉपवरची डेप्थमॅप ही प्रणालीही टर्नर यांच्याच हातची. आज ती कुणालाही फुकट मिळते, म्हणून तर जिल्ह्याच्या गावातल्या कॉलेजातली मुलगी पारावर बसून हे करू शकते.

टर्नर आणि अॅलन पेन यांचं २००२ मधलं एक काम मला फार आवडतं. त्यांनी संगणकात माणसं सोडली. त्या माणसांना ठिकाण माहीत नाही, आठवण नाही, पाट्या वाचता येत नाहीत. समोर १७० अंशांत जेवढी जागा दिसते त्यातली एक निवडायची, तीन पावलं टाकायची, पुन्हा बघायचं, पुन्हा निवडायचं. बस. ही मुकी माणसं लंडनच्या टेट गॅलरीच्या नकाशात फिरवली, आणि गॅलरीत खऱ्या प्रेक्षकांची ये-जा जिथं जास्त होती, तिथंच यांचीही गर्दी झाली. खरे प्रेक्षक कसे फिरतात याची नोंद अभ्यासकांनी आधीच करून ठेवली होती: आत आलेल्या माणसामागे चालायचं, पहिल्या दहा मिनिटांची त्याची वाट नकाशावर काढायची. मी आत्ता करतेय तेच.

विद्यार्थिनी आठवड्याभरातल्या आमच्या सगळ्या रेघा एकावर एक ठेवते. बघताच पोटात कसंसं होतं. रेघा लाल पॅसेजमधून धावत जातात, भांडाराच्या दारावर आपटतात, परततात, जिन्यापाशी गुठळी होते, आणि मग बारीक होत होत एकेक धागा बोळात शिरतो. गुठळ्या तीन. कुणाचीही रेघ घ्या, ती यापैकी एकीत तरी अडकलेली आहे.

सिक्युरिटीचे दादा पाराशी येऊन उभे राहतात. चांगला माणूस आहे, सकाळी मला खुर्ची आणून दिली होती. “मॅडम, एवढं कशाला? आपले लोक पाट्याच वाचत नाहीत. खेड्यातली माणसं. अडाणी.”

“दादा, पाच मिनिटं माझ्याबरोबर चला,” मी म्हणते.

आम्ही दोघं कूलरपाशी उभे राहतो. फार थांबावं लागत नाही. तिशीतला एक तरुण येतोय. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, हातात मोबाइल. आईला घेऊन आलाय. आई चाकाच्या खुर्चीत, तो ढकलतोय. कपाटासमोरून सरळ. खिडकीपर्यंत. भांडार. टिंब. गोल. मोबाइलवर बोट फिरवतो, जणू त्यात सापडेल. परत. जिन्यापाशी येतो आणि थबकतो, कारण खुर्ची घेऊन जिना चढता येणार नाही. मग तो भिंतीला खुर्ची लावतो, आईला “इथंच थांब हं” म्हणतो आणि एकटाच वर धावतो. आई पर्स छातीशी धरून येणाऱ्याजाणाऱ्याकडे बघत राहते.

दादा काही बोलत नाहीत. पुढं होतात, आईची खुर्ची ओढतात आणि म्हणतात, “चला मावशी, मी सोडतो. तुमचा पोरगा येईल मागनं.”

या ‘अडाणी’ शब्दावर माझा राग आहे. जॉन पेपोनिस, क्रेग झिमरिंग आणि यून क्युंग चोई यांनी १९९० मध्ये एका अमेरिकन रुग्णालयावर लेख लिहिला. त्यात त्यांनी नवख्या माणसांना आधी मोकळं फिरू दिलं, मग ठरावीक खोल्या शोधायला लावल्या. माणसं चुकली, पण वाट्टेल तिथं चुकली नाहीत. चुकताना ती पुन्हा पुन्हा त्याच जागांकडे वळली ज्या नकाशात जास्त जोडलेल्या होत्या. चुकण्यालाही घाट असतो आणि तो इमारतीने दिलेला असतो. नावाजलेल्या इमारतीही यातून सुटलेल्या नाहीत. रेम कूलहास यांच्या संस्थेने उभारलेलं सिअॅटलचं अकरा मजली मध्यवर्ती ग्रंथालय २००४ मध्ये उघडलं तेव्हा जगभर वाखाणलं गेलं, आणि पुढं ‘माणसं इमारतीत का हरवतात’ या विषयावरच्या लेखनात त्याचंच उदाहरण आलं. तिथं सरकते जिने माणसाला सुसाट वर नेतात, पण तशाच सहजतेने खाली आणत नाहीत. तिथं येणारी माणसं तर पुस्तकं वाचणारी. त्यांना अडाणी म्हणणार?

मी आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला होते तेव्हा वडील एका मोठ्या रुग्णालयात होते. रात्री सिस्टरने रक्ताची नळी हातात दिली, “लॅबमध्ये देऊन या, पटकन.” मी दोन जिने उतरले आणि तळघरात चादरींच्या ढिगांत पोचले. परत फिरले तर आलेला जिना सापडेना. एकसारखी दारं, एकसारखे दिवे, आणि मुठीतली नळी कोमट होत चाललेली. नकाशे काढायला शिकत होते मी, आणि तरी त्या रात्री मला वाटलं की दोष माझाच आहे. वडिलांना ते कधी सांगितलं नाही. कुणाला वाट चुकताना बघितलं की अजून तळहात ओला होतो.

अकरा वाजतात. विद्यार्थिनी लॅपटॉप बंद करून कागदावर दुसरं चित्र काढायला घेते. हे साधं आहे, पेन्सिलीचं. तळाशी एक गोल: आवार. त्याच्यावर, एक पायरी आत: पोर्च आणि केसपेपर. दोन: लांब पॅसेज. तीन: बोळ. चार: व्हरांडा. पाच: उतार. सहा: नवी लॉबी. सात: बसायची जागा. आठ: एकवीस नंबर. आवारापासून आठ पायऱ्या खोल.

मराठीत ‘खोली’ला दोन अर्थ आहेत, विहिरीची खोली आणि राहायची खोली. या चित्रात ते दोन्ही एकत्र येतात. मी वर्गात मुलांना हे आधी वाड्यावर शिकवते. गल्लीतून देवडी, एक. चौक, दोन. ओसरी, तीन. माजघर, चार. स्वयंपाकघर, पाच. परका माणूस ओसरीवर थांबतो, पाणी पितो, बोलतो, जातो. त्याच्यापुढं घरच्यांची खोली सुरू होते. आत जितकं खोल, तितका हक्क जुना. कुणी पाटी लावलेली नसते, तरी पाहुण्याचा पाय ओसरीच्या पुढं आपसूक अडतो.

हिलियर आणि हॅन्सन यांनी दाखवलं की रुग्णालयासारख्या इमारतींत हे सगळं उलटं होतं. इथं पाहुणा सगळ्यांत खोल जातो. ज्याला इमारत ठाऊक नाही, ज्याचा इथं काही हक्क नाही, ज्याचा हात मोडलाय किंवा आई खुर्चीत आहे, त्यालाच आठ पायऱ्या आत जायचंय. विद्यार्थिनी त्याच कागदावर अधीक्षकांचं ऑफिस टाकते. पोर्चला लागूनच दार आहे. दोन. तिची पेन्सिल त्या दोनच्या गोलावर थांबते. “मॅम, हे आणि एकवीस नंबर अदलाबदल केलं तर?” मी हसते, पण ती गमतीने विचारत नाहीये, हे मला कळतं. एक्स-रेच्या खोलीच्या भिंतींना शिशाचा पत्रा असतो, यंत्राची जोडणी असते, ती अशी उचलून हलत नाही. पण पुढची नवी इमारत कुणीतरी कुठंतरी आजच काढत असेल. हा प्रश्न त्याच्या टेबलावर पोचायला हवा.

आज आमच्या हातात आहे ते कपाट.

विद्यार्थिनीने काल रात्री संगणकात नुसतं ते कपाट आणि त्या तीन खुर्च्या पुसून पाहिल्या होत्या. बोळाचं तोंड मोकळं झालं आणि पॅसेजमधून, लांबूनच, चौकातला पिंपळ दिसायला लागला. बोळाचा निळा रंग हिरव्याकडे सरकला. लंडनच्या ट्रफाल्गर चौकातही असंच झालं होतं. हिलियर यांच्या मंडळींनी बघितलं होतं की तिथं लोक मधून न जाता कडेकडेने फिरतात. नॅशनल गॅलरीसमोरचा रस्ता वाहनांना बंद करून मधोमध रुंद पायऱ्या उतरवल्या, २००३ मध्ये चौक नव्याने खुला झाला आणि माणसं मधून चालायला लागली. तिथं पायऱ्या होत्या. इथं एक कपाट आहे.

पण कपाट सरकारी आहे. भांडाराचे बाबू रजिस्टर काढून दाखवतात. “मॅडम, डेडस्टॉकला नोंद आहे. निर्लेखन झाल्याशिवाय जागचं काढता येत नाही. प्रस्ताव गेलाय.” रजिस्टरवर खरंच नोंद आहे, लाल शाईत, कपाटाच्या क्रमांकासकट. बाबूंचं बरोबर आहे, त्यांना उत्तर द्यावं लागतं.

वॉर्डचे मामा तिथंच ट्रॉली टेकवून ऐकत असतात. ते म्हणतात, “काढायचं नाही ना साहेब? सरकवलं तर?”

बाबू चष्म्यावरून बघतात. “सरकवा. पण पॅसेजमध्येच राहिलं पाहिजे.”

मामा, सिक्युरिटीचे दादा आणि चहाच्या किटल्या घेऊन आलेला माणूस असे तिघं लागतात. फरशीवर कपाटाच्या पायांचा असा काही आवाज होतो की बाकांवरची माणसं उठून उभी राहतात. चार फूट. खुर्च्या पलीकडच्या भिंतीला. कपाट होतं तिथं फरशीचा मूळ रंग दिसतोय, पिवळट, आणि त्यावर धुळीत एक जुनी सलाईनची नळी आणि एक रुपयाचं नाणं. मावशी स्टुलावरून उठून बादली आणतात आणि तेवढी जागा पुसून घेतात.

ओल्या फरशीवर चौकातला उजेड आत येतो. पॅसेजच्या या भागात सकाळपासून ट्यूबलाइटच होती, आता उजव्या बाजूने एक आडवी पांढरी पट्टी पडलीय, आणि तिच्यात पिंपळाच्या पानांची सावली हलतेय.

मी परत वजनकाट्यापाशी जाऊन उभी राहते. नवा कागद. अकरा पन्नास. खिडकी तीनवरून एक बाई निघते, कडेवर मूल, मुलाच्या पायाला पट्टी. मागून आवाज, “एकवीस नंबर, सरळ जा.” ती लांब पॅसेजमध्ये वळते, टोकाच्या खिडकीकडे बघत चालते. मी पंधरा पावलं मागे. ती उजेडाच्या पट्टीत पाय टाकते आणि तिची चाल मंदावते. मूल पिंपळाकडे बोट करतं. बाई मान वळवते, बोळाकडे बघते, मग वर बघते. निळी पाटी. गोल. ती वळते.

तिच्यामागे मोबाइलवर बोलत येणारा माणूस सरळ भांडारापर्यंत जातो आणि परत येतो. त्याच्यामागच्या दोघी वळतात. एक आजोबा थांबतात, मावशींना विचारतात, फुली, आणि वळतात. मी रेघा ओढत राहते. मावशी मला विचारतात, “झालं का मग तुमचं?” मी म्हणते, “अजून नाही.” एका दुपारच्या रेघांवर काही ठरत नाही. सोमवारी सगळ्यांत जास्त गर्दी असते. त्या दिवशी बोळाच्या तोंडाशी उभं राहून मोजायला हवं, पाच-पाच मिनिटं, सकाळी साडेआठपासून, आणि जिन्यापाशीही.

आबा आणि सून परत येताहेत. ओल्या फिल्मचं नवं पाकीट सुनेने अलगद, दोन बोटांत धरलंय. बोळातून पॅसेजमध्ये येताना ती जरा थबकते, कपाट शोधते, मावशींनी सांगितलेली पहिली खूण. ते चार फूट पलीकडे आहे. ती एकदा कपाटाकडे, एकदा मावशींकडे बघते. मावशी हाताने डावीकडे दाखवतात, “हिकडं, हिकडं दार.”

मी पॅडवरचा नकाशा काढते, दुसरा लावते, आणि त्यावर कपाटाचा चौकोन खोडून नव्या जागी काढते.